पंखाच्या काठावरची रेघ

१

गाडीचं फारसं काही उरलं नव्हतं. मागचा पंख मात्र जवळजवळ शाबूत होता, आणि मंगळवारच्या त्या करड्या सकाळी हेड्डा राउशला तेवढीच एक गोष्ट असह्य वाटत होती. माणूस जातो आणि त्याच्या गाडीला लावलेली दीड मीटरची काळी फळी राहते, या हिशेबात कुठेही न्याय नव्हता.

रविवारी जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरातल्या त्या शर्यतीच्या ट्रॅकवर, चौथ्या फेरीत, सरळ रस्ता संपून जिथे चढाचा माथा येतो आणि ज्याला तिथली माणसं 'टोपी' म्हणतात, तिथे लोरिन क्रोननच्या गाडीने नाक वर केलं. ती उठली, हवेत पाठीवर वळली आणि कुंपणापलीकडच्या नेच्यांत जाऊन पडली. मागच्या बाजूने थोडी पेटलीसुद्धा. लोरिन चोवीस वर्षांचा होता.

हेड्डा मोटारशर्यत संघटनेची तांत्रिक तपासनीस. सव्वीस वर्षं ती मोडलेल्या गाड्यांचे जबाब घेत आली होती. माणसांपेक्षा धातू कमी खोटं बोलतो, एवढाच तिचा धर्म उरला होता.

"बोल्ट बघितलेत?" शेडच्या दारातून आवाज आला. वेंडेलिन क्रोनन. लोरिनचा बाप, या छोट्या संघाचा मालक, एके काळचा नावाजलेला ड्रायव्हर. जुन्या अपघातात गुडघा गेल्यापासून तो लांब छत्री टेकत चालायचा. आज छत्री होती, पण ती टेकायचं त्याला भान नव्हतं.

"बघतेय."

"डाव्या बाजूचा एक बोल्ट नाही. ओटमारनं आवळला नाही. पंख सैल झाला, गाडी उडाली. यात बघण्यासारखं काय आहे एवढं?"

"क्रोननसाहेब, घरी जा. थोडं खा."

"गुरुवारी सरकारी वकिलाकडे तुमचा अहवाल जाणार. त्यात त्याचं नाव दिसलं की खाईन."

तो गेला. हेड्डा गुडघ्यांवर बसली. ओटमार झिर्बेस हा संघाचा मेकॅनिक एकतीस वर्षं जसं काम करत आला, तसंच इथेही केलेलं दिसत होतं: आवळलेल्या प्रत्येक नटावरून थेट खालच्या पत्र्यापर्यंत ओढलेली पिवळ्या रंगाची बारीक रेघ. नट केसभर फिरला तरी रेघ तुटते. एकही रेघ तुटली नव्हती. आणि जिथला बोल्ट गेला होता, तिथलं भोक फाटून लांबट झालं होतं. सैल बोल्ट भोकात खडखडत राहतो, कडा घासून गुळगुळीत करतो. इथे कडा ओरबाडल्या होत्या. बोल्ट शेवटपर्यंत घट्ट होता आणि आदळताना उपटला गेला होता.

म्हणजे ओटमार सुटला. तिला हलकं वाटायला हवं होतं.

पण तेवढ्यात खिडकीतून आलेला उजेड पंखाच्या मागच्या काठावर आडवा पडला. आगीच्या धगीने पंखाच्या वरच्या अंगावर काजळी भाजून बसली होती, सगळीकडे सारखी. फक्त मागच्या काठाला लागून बोटभर रुंदीचा एक पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ काळा होता, पट्टी ठेवून आखल्यासारखा.

गाडी पेटली तेव्हा तिथे काहीतरी चिकटलेलं होतं. आता ते नव्हतं.

२

संघाची इंजिनिअर योरिंडे थेलेन एकोणतीस वर्षांची होती आणि रविवारपासून झोपली नसावी. वर्कशॉपच्या माडीवर ती संगणकासमोर बसली होती. कॉफीवर साय धरली होती.

"बाई, मी हे वीस वेळा पाहिलंय," ती म्हणाली. "सरळ रस्त्यावर गाडी शनिवारच्या सरावापेक्षा ताशी सहा किलोमीटरने कमी पळत होती. समोरून वारा असणार."

"रविवारी ओढ्यावरचं धुकं हललं होतं?"

योरिंडेने खिडकीबाहेर पाहिलं. मग हळूच म्हणाली, "नाही. दिवसभर तसंच होतं."

"मग वारा कुठला? आणि पुढची चाकं?"

तिने दुसरी रेषा दाखवली. वेग वाढत गेला तशी गाडीची पुढची बाजू थोडीथोडी उचलत गेलेली. पहिल्या फेरीपासून. "वाटलं, यंत्रच चुकीचं दाखवतंय. मला तसं वाटून घ्यायचं होतं, असं म्हणा."

"मला नीट सांग. मी नवखी आहे असं समज."

"तुम्ही?" योरिंडे हसली, ते हसू बघवत नव्हतं. "बरं. पंख म्हणजे विमानाचाच, पण उलटा. हवा त्याला खाली दाबते, मागची चाकं रस्त्याला धरून राहतात. पण तो बसतो मागच्या चाकांच्याही मागे. दोन चाकांच्या हातगाडीच्या शेपटाकडे कुणी बसलं की पुढचा दांडा वर उठतो ना, तसं. मागचा दाब वाढवला की पुढची चाकं हलकी होतात. म्हणून पुढे नाकाखाली ओठ असतो, तो नाकाला धरून ठेवतो. या वर्षी नियमाने सगळ्यांचे ओठ कापले. पुढचा दाब गेला, म्हणून मी मागचाही कमी केला. पंखाचा कल कमी केला, दोन भोकं खाली घेतला. माथ्यावर नाकाखाली हवा शिरते बाई. तिथे पुढे वजन नसेल तर—"

तिने रेषेवरचं बोट उचललं.

"आणि काठावर उभी पट्टी लावली तर?"

"कुठली पट्टी?"

"तूच सांग."

योरिंडेचा चेहरा पांढरा पडत गेला. "अॅल्युमिनियमची. पंखाच्या मागच्या काठावर उभी करायची, बोटाच्या पेराएवढी. दिसायला काही नाही. पण पंख दोन-तीन भोकं वर चढवल्यासारखा दाबतो, आणि हवेला अडवतो. गाडी हळू होते." ती थांबली. "साधारण सहा किलोमीटरने."

"तुझ्याकडे आहेत अशा पट्ट्या?"

"गेल्या वर्षीच्या. दहा, पंधरा आणि वीस मिलिमीटर. ओठ कापल्यावर मी त्या बाद केल्या. लोरिन कुरकुरला नाही. त्याचे बाबा मात्र जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत ओरडले, की ही पोरगी माझ्या मुलाची शेपूट मोकळी सोडतेय."

ती उठली. भिंतीजवळच्या कपाटाचा खालचा खण तिने ओढला आणि ओढलेल्या खणासमोर तशीच उभी राहिली.

आत दोन पट्ट्या होत्या. वीसची नव्हती.

३

ओटमार झिर्बेस घराच्या मागे सरपणाची लाकडं रचत होता. एकसष्ट वर्षांचा, रुंद, बोलण्यात कंजूष. गालावरचा वळ अजून उतरला नव्हता. रविवारी वेंडेलिनने सगळ्यांसमोर त्याच्या तोंडात मारली होती, आणि तो हात खाली सोडून उभा राहिला होता.

"बसा. खुर्ची नाही, ओंडका आहे."

"ओटमार, पट्टी कुठे आहे?"

त्याच्या हातातलं लाकूड क्षणभर थांबलं. मग रचलं गेलं. "कसली?"

"मोडलेली गाडी ट्रकवर चढवली तेव्हा मागे ताडपत्रीखाली एकटे तुम्ही बसलात. शेडपर्यंत वीस मिनिटं. तुम्ही म्हणालात, मी हिच्याबरोबर येतो. लोकांना गहिवरून आलं. त्या वीस मिनिटांत कुणीतरी काठावरची पट्टी सोडवली आणि खालचा गोंद स्पिरिटने पुसला. पुसण्याआधी बाजूला कागदी टेप लावली, म्हणून काजळीवर फडक्याचा एक फराटा नाही. पुरावा नष्ट करतानाही टेप लावून काम करणारा माणूस या डोंगरात मला एकच माहीत आहे."

ओटमारने तळवे विजारीला पुसले. तो रचलेल्या लाकडांकडे बघत राहिला. जणू त्या ढिगात कुठेतरी एक फट राहून गेली होती आणि ती त्याला सापडत नव्हती.

"लिहून घ्या," तो म्हणाला. "पट्टी वगैरे मला माहीत नाही. डावा बोल्ट मी आवळायचा विसरलो. सही करतो."

"तो बोल्ट घट्ट होता. मी बघितलाय."

"तुम्ही चुकीचं बघितलंत."

"एकतीस वर्षांत एक रेघ विसरला नाहीत तुम्ही."

"म्हातारा झालो. सही कुठे करू?"

४

खोटा कबुलीजबाब हा सगळ्यात अवघड पुरावा. माणूस स्वतःला का पुरून घेतोय हे कळल्याशिवाय तो उचलता येत नाही. बुधवारी हेड्डा पुन्हा शेडमध्ये गेली आणि पंखाशी एकटी बसली. बाहेर पानगळीची बारीक, आवाज नसलेली सुरुवात झाली होती. वस्तूंना दुःख नसतं, असं ती तरुणपणी म्हणायची. आता तिला वाटे, वस्तूंनाच ते असतं; आपण फक्त त्यांच्याकडून उसनं आणतो.

तिने भिंग काढलं. स्वच्छ पट्टा ती डावीकडून उजवीकडे बघत गेली. मधोमध, अगदी बरोबर मधोमध, केसाएवढी एक उभी रेघ होती. तिच्यात काजळी भाजून बसली होती.

म्हणजे पट्टी अखंड नव्हती. मधून कापलेली होती, आणि दोन तुकड्यांमधल्या फटीतून धूर आत शिरला होता.

खणातली पट्टी मात्र अखंड असणार. मग कापली कशाला?

ओटमारला ती लावायची असती तर त्याने वर्कशॉपमध्ये, दार लोटून किंवा सगळ्यांच्या डोळ्यांदेखतसुद्धा लावली असती. मेकॅनिकच्या हातात धातूचा तुकडा बघून कुणी विचारत नाही. शिवाय त्याने ती बोल्टने बसवली असती आणि वर पिवळी रेघ ओढली असती. योरिंडेला हवी असती तर तिने नुसता आकडा सांगितला असता. लोरिन सीटबेल्टने जखडून आत बसला होता. पट्टी कापावी लागते ती ज्याला या दोघांपासूनही लपवून, माणसांच्या गर्दीतून न्यायची आहे त्याला. दीड मीटर लपत नाही. पाऊण मीटर लपतं. मिटलेल्या लांब छत्रीत सहज लपतं.

आणि मग तिला ते आठवलं, जे त्या ट्रॅकवरच्या प्रत्येकाने इतक्या वर्षांत इतक्या वेळा पाहिलं होतं की कुणाला दिसेनासंच झालं होतं. सुरुवातीच्या रेषेवर गाडी उभी राहिली की क्रोनन घराण्यात बापाने मुलाच्या गाडीवरचं दव पुसायचं. वेंडेलिनच्या बापाने त्याची पुसली, त्याने लोरिनची. तेवढा वेळ सगळे दहा पावलं मागे सरत, पाठ फिरवत. घरातल्या प्रार्थनेकडे पाहुण्यांनी बघू नये तसं.

ती तशीच ओटमारकडे गेली. तिने काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "रविवारी वेंडेलिन पंख किती वेळ पुसत होता?"

ओटमार ओंडक्यावर बसला. त्याच्या रुंद खांद्यांतून काहीतरी निघून गेलं.

"नेहमीपेक्षा जास्त," तो म्हणाला. "मला वाटलं, म्हातारा हळवा झालाय. नंतर नेच्यांत तो पंख बघितला, आणि..." त्याने हाताने हवा बाजूला सारली. "त्याला कळलेलं नाही बाई. त्याला वाटतं पट्टी आदळताना कुठेतरी उडाली. तिचा काही संबंधच नाही. त्याच्या काळात गाडीला पंख कुठे होता? बदकाच्या शेपटीएवढा स्पॉइलर, नुसती हवा मोडायला. मागची बाजू घसरली आणि गुडघा गेला. तेव्हापासून त्याच्यासाठी भीती मागूनच येते."

"म्हणून मुलाच्या पाठीवर हात ठेवला."

"म्हणून." ओटमारने तिच्याकडे पाहिलं. "मला मूल नाही. बायको गेली. माझं नाव खराब झालं तर त्या नावाने हाक मारणारं कोण आहे? काय शिक्षा होईल ती होईल. त्याच्यापाशी आता एवढंच उरलंय, की दोष दुसऱ्याचा आहे. तेही काढून घ्यायचं?"

हेड्डाकडे याचं उत्तर होतं, आणि ते असल्याचा तिला तिटकारा आला.

"शनिवारी इथेच शेवटची शर्यत आहे. बावीस गाड्या टोपीवरून जाणार. सगळ्यांचे ओठ कापलेले, सगळ्यांना भीती मागूनच वाटते. तुमचा जबाब वाचून ते काय करतील, ओटमार? बोल्ट आवळतील. आणि पट्टी लावतील."

ओटमारने तोंड दोन्ही हातांत झाकलं. "पट्टी काढली असं लिहा," तो हातांआडून म्हणाला. "कुणी लावली ते नका लिहू."

"मग सगळे म्हणतील तुम्हीच लावलीत. आणि तो तुम्हाला मारायला पुन्हा येईल."

"येऊ दे."

"मी नाही येऊ देणार. ज्याच्यावर हात उगारलाय त्याने काहीच केलं नाही, हे त्याला कधीतरी कुणीतरी सांगेल. ते आज मीच सांगते."

५

वेंडेलिनच्या स्वयंपाकघरात शेजारणीने आणून ठेवलेला बटाट्याचा भाजलेला गोळा तसाच होता, वर कापड. टेबलावर पाव कापायची लाकडी फळी, तिच्यावर सुरी, जवळ पाव. कापायला घेतला असेल आणि राहून गेला असेल.

"लिहिलंत त्याचं नाव?"

"नाही. बोल्ट घट्ट होता."

"मग काय माझ्या मुलाची चूक होती?" त्याचा आवाज चढला नाही, खोल गेला.

"लोरिनने काहीही चूक केली नाही. तीन फेऱ्या त्याने ती गाडी, जी कुणालाही सावरता आली नसती, रस्त्यावर ठेवली. साहेब, मला पट्टीबद्दल सांगा."

वेंडेलिनने पाव बाजूला सारला. मग वैतागलेल्या माणसासारखा म्हणाला, "हो, लावली. त्या पोरीला विचारलं असतं तर दिली असती का तिने? त्याचा याच्याशी काय संबंध? पट्टीनं वाईट काय होतं? मागचा दाब वाढतो. दाब वाढला तर गाडी धरून राहते. सत्तर साली पहिल्यांदा ट्रॅकवर आलो मी, मला शिकवू नका."

"वाढला दाब."

"वाढला ना? मग?" बोलता बोलता तो पुढे झुकला. फळीचं एक टोक टेबलाच्या कडेबाहेर आलं होतं. त्याचा तळवा त्या टोकावर पडला, आणि बोलण्याच्या भरात त्याने जोर दिला. "मागे जितकं दाबाल तितकं—"

फळीचं दुसरं टोक उचललं. सुरी घसरून टेबलावर पडली.

हेड्डाला बोलायचं होतं, वाटभर तिने शब्द जुळवले होते, पण टेबलाची कड तिच्याआधी बोलली होती.

वेंडेलिनने हात काढला नाही. फळी तशीच तिरपी धरून तो बघत राहिला: कडेबाहेरचा आपला तळवा, टेबलाची कड, हवेत उचललेलं पुढचं टोक. त्या माणसाने आयुष्यभर गाड्यांशिवाय काही वाचलं नव्हतं. हे वाचायला त्याला कुणाची मदत लागली नाही.

"ओठ कापले यावर्षी," तो म्हणाला.

"हो."

"टोपीवर नाकाखाली हवा शिरते."

"हो, साहेब."

"खणात दहाचीपण होती." तो थांबला. "मी मोठी घेतली."

बाहेरून ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज दूर विरला. मग वेंडेलिनने फळी हळूच खाली टेकवली. झोपलेल्याचा हात बाजूला ठेवावा तशी.

"ओटमारला कळलंय?"

"रविवारपासून. पट्टी त्यानेच काढली."

"मी मारलं त्याला."

"हो."

"त्याला बोलता आलं असतं."

"आलं असतं."

त्याने मान हलवली, एखादी तांत्रिक गोष्ट पटल्यासारखी. "लिहा," तो म्हणाला. "माझ्या नावाने लिहा, सगळं. वीस मिलिमीटर. आणि जा आता बाई. कृपा करून जा."

६

अहवाल गुरुवारी गेला. शुक्रवारी संघटनेने फतवा काढला: पुढचा ओठ कापलेल्या कोणत्याही गाडीच्या पंखावर पट्टी लावायची नाही. तपासणीत सात गाड्यांवरून पट्ट्या उतरल्या. सात. ड्रायव्हर कुरकुरले, एकाने हेड्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं, की या बाईनं आयुष्यात कधी दीडशेच्या वर गाडी चालवलीय का.

शनिवारी ती टोपीपाशी कुंपणाला टेकून उभी राहिली. ऊन निघालं होतं, निर्विकार, स्वच्छ. एकेक गाडी सरळ रस्त्यावरून आली, माथ्यावर हलकी झाली, पुन्हा टेकली. पहिल्या फेरीत तिने बावीस मोजल्या. दुसऱ्या फेरीतही बावीस. शेवटच्या फेरीपर्यंत ती मोजत राहिली, आणि प्रत्येक वेळी गाडी टेकली की तिला वाटे, आता काहीतरी वाटेल. आनंद नाही तर निदान थकवा. लोक टाळ्या वाजवत होते. काय घडलं नाही, हे त्यांच्यापैकी कुणालाही दिसलं नव्हतं. न घडलेल्या गोष्टीला चेहरा नसतो.

संपल्यावर उतारावरून ओटमार चालत आला. गालावरचा वळ आता पिवळट झाला होता. शेजारी उभा राहून त्यानेही रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"सगळ्या गेल्या?"

"सगळ्या."

"बरं झालं." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी रोज जातो त्याच्याकडे. सकाळी एकदा, दुपारी एकदा. दार उघडत नाही. आत खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, म्हणजे आहे. मी बाहेरून सांगतो, वेंडेलिन, मी आहे. तो म्हणतो, माहीत आहे. बस्स. दार नाही उघडत."

"ओटमार..."

"तुम्ही बरोबर केलंत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता; त्यामुळेच ते ऐकणं कठीण होतं. "त्या सात जणांच्या घरी विचारलं तर तेही हेच म्हणतील. मीपण म्हणतो. पण यापुढे माझ्याशी बोलायला येऊ नका, बाई. समोर दिसलात तर मी मान हलवीन, तेवढं पुरे."

त्याने मान हलवली आणि तो चढ उतरू लागला. दुपारची वेळ झाली होती; त्याला त्या बंद दारापाशी जायचं होतं.